मदत हवी आहे: रात्री कचरा टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना जबर दंड कसा बसवायचा?
आमच्या गावच्या ई-क्लास जमिनीवर (गुरं चारायची सरकारी जमीन), नाल्याकाठी, रात्री तालुक्याहून ट्रॅक्टर येऊन कोंबड्यांची पिसं-आतडी अन् प्लास्टिक टाकून जातात. पावसाळ्यात सारं गुरांच्या पाण्यात उतरते. ग्रामसभेचा ठराव झाला, ठाण्यात अर्ज दिला, ट्रॉलीच्या नंबरासकट फोटोही आहेत. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 292 (सार्वजनिक उपद्रव) खाली दंड जास्तीत जास्त 1000 रुपये. तेवढ्यात तर त्यांचं डिझेलही जास्त जळत असंल! कलम 279 मध्ये सहा महिने कैद किंवा 5000 रुपये आहे, पण ते सार्वजनिक झरा-जलाशयाचं पाणी घाण केल्यास. पर्यावरण संरक्षण कायद्यात 2024 पासून 10 हजार ते 15 लाखांचा दंड आहे. वकील लावायची ऐपत नाही. नाला 279 मध्ये बसतो का, अन् 15 लाखवाल्या कायद्याखाली अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा?