इंग्लिश खाडीपलीकडे इलेक्ट्रिक गाडीने: आपापले अनुभव लिहा

मेअखेरच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंगहून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकनला गाडी घेऊन निघतोय. गाडी इलेक्ट्रिक, लीजची, पगारातून हप्ता कापून जाणारी. फोकस्टनहून शटलचं, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या ट्रेनचं, तिकीट काढलंय. आईबाबा साताऱ्याहून येताहेत, त्यांचा शेंगेन व्हिसा मुंबईतच झाला. फ्रान्समधून कॅले, रँस, दिजाँ असा रस्ता मनात आहे. नकाशावर सगळं सरळ दिसतं, पण सत्तरीचे दोघं मागे बसलेले असताना अंधारात चार्जर शोधत फिरायची वेळ येऊ नये, एवढीच काळजी. ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांनी जमलेलं लिहा, फसलेलं तर नक्कीच लिहा.

मिल्टन कीन्सहून

लीज म्हणालात म्हणून आधी कागदांचं. गाडीच्या नोंदणीचा कागद, व्हीफाइव्हसी, लीज कंपनीकडे असतो. गाडी परदेशात न्यायची तर कंपनीची परवानगी आणि व्हीई१०३ नावाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही निघायच्या आठ दिवस आधी जागे झालो. फोन केला की रोज एकच उत्तर, उद्या पाठवतो. कागद आला तो तिकिटाची तारीख उलटून गेल्यावर. मुलीने बॅग भरून दाराशी ठेवली होती, ती पाच दिवस तिथेच होती. महिनाभर आधी मेल टाका. विमाही वाचून घ्या: युरोपात थर्ड पार्टी मिळतंच, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळेलच असं नाही.

क्रॉयडनहून

आम्ही दोनदा गेलोय, एकदा ब्रिटनीला आणि एकदा बर्गंडीला. महामार्गाची चिंता सोडा. फ्रान्समध्ये मोठ्या थांब्यांवर वेगवान चार्जर आहेत, आयोनिटी, फास्टनेड, टोटल वगैरे कंपन्यांचे. १३ एप्रिल २०२४ नंतर बसवलेल्या ५० किलोवॅट आणि त्यावरच्या चार्जरवर बँकेचं कार्ड चाललंच पाहिजे, असा युरोपियन युनियनचा नियम आहे. तरी एखादं चार्जिंगचं कार्ड जवळ असू द्या, जुने चार्जिंगचे खांब अजून पुष्कळ आहेत.

फरक पडतो तो वेगाने. तिथली मर्यादा कोरड्या रस्त्यावर ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०. कागदावर साडेचारशे किलोमीटर जाणारी आमची गाडी १३०ने तीनशेच्या आत संपायला लागली. ११५वर आणली तशी सुधारली, आणि एकूण वेळ जवळपास तेवढाच लागला, कारण एक थांबा वाचला. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तेव्हा शंभर होईपर्यंत बसून राहू नका. चार्जरचं ठिकाण गाडीच्याच नकाशात टाका, म्हणजे चार्जिंग वेगाने व्हावं म्हणून पोचेपर्यंत ती बॅटरी तापवून ठेवते.

गावात शिरलात की मात्र गणित बदलतं. बर्गंडीत मुक्कामाजवळ एका सुपरमार्केटच्या आवारात चार्जर दिसत होता. रात्री साडेनऊला पोचलो तर आवाराला फाटक आणि फाटकाला कुलूप. जाळीतून चार्जरचा हिरवा दिवा दिसतोय, गाडीत ९ टक्के, धाकटा झोपलेला. बायकोने एसी बंद केला आणि फोनवर शोधायला लागली. चौदा किलोमीटरवर एका चर्चपाशी खांब निघाला. ४ टक्क्यांवर टेकलो. अशा खांबाला बहुधा वायर नसते, आपली टाइप टू (युरोपातल्या खांबांना बसणाऱ्या प्लगची) वायर लावावी लागते, आणि आमची डिकीच्या तळाशी. चर्चसमोर फुटपाथवर सगळ्या बॅगा काढून मांडल्या तेव्हा ती हाताला लागली.

तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे: पहिला चार्जर बंद निघाला तरी दुसऱ्यापर्यंत पुरेल एवढं शिल्लक असतानाच वळायचं. वायर सगळ्यात वर ठेवायची. आणि भाड्याच्या घरात आपली तीन पिनची वायर ॲडॅप्टर लावून जोडू नका, रात्रभर करंट ओढताना ॲडॅप्टर तापतो. तिकडच्या प्लगची वायर वेगळी मिळते. घरमालकाला आधी विचारा, विजेचे पैसे द्या.

लीड्सहून

आमच्यासारख्या उत्तरेतल्यांसाठी लिहितो. फोकस्टनपर्यंत जाण्यातच आमचा दिवस जातो, म्हणून हल बंदरातून रात्रीची बोट घेतो, सकाळी रॉटरडॅम. गाडीचा अलार्म आणि पहाऱ्याचे कॅमेरे डेकवर बंद करा, बोट हलते तसे ते जागे होतात आणि रात्रभर बॅटरी खातात.

स्लाऊहून

चालवणारे हे, पण टोलनाका माझा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे आणि तिथली टोलची खिडकी डावीकडे, त्यामुळे तिकीट घेणं, जपणं, कार्ड दाखवणं सगळं डावीकडे बसणाऱ्याच्या अंगावर. दुसऱ्या खेपेला टोलचा टॅग मागवून काचेला लावला, दांडा आपोआप उठतो. परतताना नॉर्मंडीकडे वळलात तर ए१३ रस्त्यावर आता नाकेच नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांत पैसे आपण आठवणीने भरायचे.

खाण्याचंही सांगते. इथून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईबाबा साताऱ्याचे म्हणजे कंदी पेढे येणारच, ते आणि साजूक तूप रीडिंगलाच राहू द्या. आम्ही चिवडा, तेलाच्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. रँसजवळ चार्जिंगला लावून डिकीचं दार वर केलं आणि तिथेच जेवायला बसलो. शेजारच्या गाडीतल्या डच आजोबांनी चटणी दोनदा मागून घेतली.

वॉटफर्डहून

फोकस्टनला फ्रेंच तपासणी इंग्लंडच्याच बाजूला होते. ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही युरोपच्या सीमेवरची नोंदणीची पद्धत सुरू झालीय, फोटो आणि बोटांच्या ठशांची नोंद होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. गाडी बंद पडली तर रस्त्यावर मांडायचा त्रिकोण आणि चमकणारी जाकिटं (डिकीत नाही, सीटपाशी) जवळ ठेवा, आणि मागे यूके स्टिकर लावा. जीबीचा जुना स्टिकर सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. बोगद्यात ३५ मिनिटं गाडीतच बसायचं असतं, आईबाबांना आधी सांगून ठेवा. माझी आई काचेबाहेर समुद्र दिसेल म्हणून कॅमेरा घेऊन बसली होती.

झुरिकहून

आमच्याकडे हायवेसाठी ४० फ्रँकचा व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतो. २०२३ पासून तो ऑनलाइन, गाडीच्या नंबरवर मिळतो, म्हणजे लीजच्या काचेला काही चिकटवायला नको. इंटरलाकनहून आईबाबांना घाट दाखवायचा असेल तर ग्रिम्सेल, २१६४ मीटर. पण बर्फ काढून तो उघडायला कधी कधी जून उजाडतो, आधी चौकशी करा. चढताना टक्के भराभर उतरतील, घाबरू नका, उतारावर बरेच परत येतात. एकच करा, माथ्याजवळ मुक्काम केलात तर तिथे बॅटरी पूर्ण भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज शिरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

रीडिंगहून, पुन्हा

लीज कंपनीला आत्ताच मेल टाकला. वायर वर काढून ठेवली. आईला पेढ्यांचं सांगितलं तर म्हणाली, मग थोडे जास्तच आणते, निघायच्या आधी संपवू. एक विचारायचं राहिलं: दिजाँजवळ आवारात चार्जर असलेलं आणि रात्री फाटक उघडं राहणारं हॉटेल कुणाला माहीत आहे का?