मदत हवी आहे: पावडर एकच, एक्सआरडी चार्ट दोन. साइजचा परिणाम की माझा घोळ?

ट्रान्सहार्बरवाली:

नमस्कार मंडळी. एमएस्सी पार्ट टू, केमिस्ट्री. कॉलेज ठाण्यात, घर ऐरोलीला. प्रोजेक्ट नॅनो झिर्कोनियावर (झिर्कोनियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर) आहे, पुढच्या सोमवारी प्रेझेंटेशन आहे आणि मी पार अडकले आहे.

कृती साधीच आहे. झिर्कोनियम ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात थेंब थेंब अमोनिया, पीएच १० पर्यंत. पांढरा साका क्लोराइड जाईस्तोवर धुतला (सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पुन्हा गढूळ, पुन्हा धू, दोन दिवस हेच), वाळवला आणि मफल फर्नेसमध्ये ५०० अंशांना दोन तास ठेवला. यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) वगैरे काहीही घातलेलं नाही.

पुस्तक सांगतं की शुद्ध झिर्कोनियाची स्फटिकरचना खोलीच्या तापमानाला मोनोक्लिनिक, साधारण ११७० अंशांच्या वर टेट्रागोनल आणि २३७० च्या वर क्युबिक. माझ्या पहिल्या एक्सआरडी चार्टमध्ये (क्ष-किरण कोणत्या कोनांना परततात त्यावरून रचना ओळखायची) मात्र ३०.२ अंश कोनाला टेट्रागोनलचं ठसठशीत पीक, आणि मोनोक्लिनिकचे २८.२ व ३१.५ चे पीक गायब! सर म्हणाले, "अगं, बाटली बदलली असशील." लॅबमध्ये सीनियरचं यिट्रियावालं सॅम्पल आहे आणि यिट्रिया घातलं की टेट्रागोनल टिकतं, त्यामुळे संशय माझ्यावरच.

नऊ दिवसांनी तीच पावडर नवी मुंबईत दुसरीकडे दिली. आता मोनोक्लिनिकचे दोन्ही पीक हजर! सरांचा संशय आणखी पक्का.

शेररच्या सूत्राने (पीकच्या रुंदीवरून) क्रिस्टलची साइज काढली तर ०.२४ नॅनोमीटर येते. सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) मात्र २०० ते ३०० नॅनोमीटरचे गोळे दिसतात. कशावर विश्वास ठेवू?

मफलभट्टी:

आधी ०.२४ चं बघू. झिर्कोनियाचा युनिट सेलच अर्धा नॅनोमीटर असतो, म्हणजे तुमचा क्रिस्टल एका सेलपेक्षाही लहान झाला. पीकची रुंदी अंशांतच ठेवलीत ना? रेडियन करा. रुंदी किती आहे?

ट्रान्सहार्बरवाली:

०.६ अंश. अरे देवा.

मफलभट्टी:

०.६ अंश म्हणजे ०.०१०५ रेडियन. ०.९ (स्थिरांक) गुणिले ०.१५४०६ (क्ष-किरणांची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये), भागिले ०.०१०५ गुणिले कोस १५.१ (३०.२ चा अर्धा). उत्तर १४ नॅनोमीटरच्या आसपास. मशीनची स्वतःची रुंदी वजा केलीत तर थोडं वाढेल. आणि सेमशी भांडण नाहीच. सेममध्ये दिसतो तो चिकटलेल्या कणांचा लाडू, शेरर मोजतो त्यातली बुंदी.

आता मुद्द्याचं. बाटली बदललेली नाही. १४ नॅनोमीटरला शुद्ध झिर्कोनिया टेट्रागोनल मिळणं अगदी अपेक्षित आहे. गार्व्ही यांनी १९६५ मध्येच हे मांडलं. मोठ्या क्रिस्टलमध्ये ऊर्जेच्या हिशोबात मोनोक्लिनिक रचना स्वस्त पडते, पण टेट्रागोनलचा पृष्ठभाग स्वस्त असतो. कण जितका लहान, तितका पृष्ठभागाचा हिशोब जड. १० नॅनोमीटरच्या कणांची एक ग्रॅम पावडर घ्या, पृष्ठभाग साधारण १०० चौरस मीटर भरतो. चिमूटभर पावडरीत ठाण्यातले दोन वन-बीएचके! एवढ्या पृष्ठभागावर जी बचत होते, तिच्यापुढे आतला तोटा किरकोळ ठरतो. हे पारडं साधारण ३० नॅनोमीटरपाशी फिरतं. टायटॅनियाचंही (टायटॅनियम ऑक्साइडचंही) असंच आहे, त्याच्या दोन रचना: मोठा कण रुटाइल, पण १४ नॅनोमीटरच्या खाली अॅनाटेज जास्त स्थिर.

निवृत्त_भट्टीकाका:

बाळा, चाळीस वर्षं टीटीसीच्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यात सिरॅमिकमध्ये घालवली म्हणून विचारतो. दुसऱ्या वेळी देण्याआधी पावडरीचं काय काय केलंस? सगळं सांग, लाजू नकोस.

ट्रान्सहार्बरवाली:

काका, तिथल्या ऑपरेटरने "अजून बारीक करून आणा" सांगितलं, म्हणून अॅगेटच्या खलात अर्धा तास घोटली. मनगट दुखेपर्यंत. त्याआधी काही दिवस पावडर पेट्री डिशमध्ये उघडीच होती, वर नुसता टिश्यू.

निवृत्त_भट्टीकाका:

सापडला चोर. घोटण्याच्या ताणाने टेट्रागोनलचा मोनोक्लिनिक होतो. एकमेकांत दाबून बसलेले कण एकमेकांना फुगू देत नाहीत, कारण रूपांतरात आकारमान चारेक टक्के वाढतं. खलात तू ती मिठी सोडवलीस. दाताच्या झिर्कोनिया कॅपमध्ये याच गोष्टीचा फायदा घेतात. तीन मोल टक्के यिट्रिया घालून टेट्रागोनल धरून ठेवायचं. तडा जायला लागला की त्याच्या टोकाशी कण फुगतात आणि तडा चेपतात. शुद्ध झिर्कोनियाच्या पेलेट मात्र भट्टीतून थंड होताना याच फुगण्याने फुटतात. माझ्या किती फुटल्या ते विचारू नकोस.

आणि जुलैत उघडी ठेवलीस? पाण्याच्या वाफेनेही हेच रूपांतर सुटतं. टेट्रागोनलची पृष्ठभागाची सवलत ओलाव्याने कमी होते.

मफलभट्टी:

काकांशी सहमत. फक्त ३० नॅनोमीटर ही लक्ष्मणरेषा समजू नका. ताण, ओलावा, बनवायची पद्धत, सगळ्यांनी ती सरकते. म्हणून १४ चा कणही बदलू शकतो.

एक शंका माझीही. टेट्रागोनल म्हणताय, पण क्युबिक नाही हे कशावरून? इतक्या रुंद पीकमध्ये टेट्रागोनलची ओळख असलेली ३५ अंशांजवळची पीकची जोडी एकमेकांत मिसळून जाते. जमलं तर रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाची चाचणी) करा. टेट्रागोनलला सहा पट्टे येतात, क्युबिकला एकच पसरट. हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात.

ट्रान्सहार्बरवाली:

रामन मिळणं कठीण आहे, पण विचारते. एक्सआरडीचा गुरुवारचा स्लॉट मिळालाय. त्याच बॅचची थोडी पावडर पहिल्या दिवसापासून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) बंद आहे, हे आत्ता आठवलं. तीन पुड्या नेते: बंद ठेवलेली, उघडी पण न घोटलेली, आणि बंदमधलीच थोडी अर्धा तास घोटून.

मफलभट्टी:

उत्तम. मोनोक्लिनिक किती ते आकड्यात सांगा. २८.२ आणि ३१.५ च्या इंटेन्सिटीची बेरीज, भागिले तीच बेरीज अधिक ३०.२ ची.

ट्रान्सहार्बरवाली:

गुरुवार, रात्र. बंद पुडी: मोनोक्लिनिक शून्याच्या जवळ. उघडी: २८.२ ला जेमतेम उंचवटा, सुमारे ६ टक्के. घोटलेली: ३१ टक्के! म्हणजे ओलावा थोडा, खल जास्त.

सरांना दाखवलं. बराच वेळ तिन्ही चार्ट एकावर एक धरून बघत होते. मग म्हणाले, "बाटलीचं मी मागे घेतो. आता प्रत्येक चार्टखाली किती मिनिटं घोटली ते लिही. आणि सीनियरच्या चार्टखालीही लिहायला सांग."

सीनियरला आठवत नाहीये.