विषय: अप्पांची नवी गाडी डावीकडे ओढतेय, शनिवारी कुडाळला सर्व्हिस

मंडळी,
शनिवारी सकाळी हजारची पहिली सर्व्हिस आहे. मागे लिहिलेली तक्रार तशीच आहे. अप्पांच्या शब्दांत, "गाडी डाव्या बाजूक ओढता." जामसंड्यापासून नांदगाव तिठ्यापर्यंत स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. वर्कशॉपवाले फोनवर म्हणाले, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून देतो, पैसे वेगळे पडतील. करू द्यायचं का? जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या तक्रारीच्या कागदावर) काय लिहायचं तेही कुणीतरी नीट लिहून द्या.
— धाकटी

---

धाकटे, आधी हवा. यार्डातून येणाऱ्या नव्या गाडीत वाहतुकीसाठी बऱ्याचदा जास्त हवा भरलेली असते, ४० पीएसआयच्या पुढेही, आणि डिलिव्हरीच्या घाईत ती उतरवायची राहते. मग कुणीतरी पंपावर दोन चाकांची उतरवतो, दोन तशीच. पुढच्या दोन चाकांत फरक असला की कमी हवेच्या बाजूला गाडी ओढणारच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावरचा आकडा धरायचा. आणि घरीच, सकाळी, टायर थंड असताना. कुडाळला पोचल्यावर मोजली तर तीन-चार पीएसआय जास्तच दिसेल.
— भाऊ

---

हवा ठीक, पण अलाइनमेंट हवंच. इथे अमेरिकेत दोन बाजूंच्या कास्टरमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या पुढे-मागे कलात, मुद्दाम अर्ध्या अंशापर्यंत फरक ठेवतात, रस्त्याच्या उताराला तोड म्हणून. तसंच करून घ्यायला सांग.
— खजिनदार

---

> तसंच करून घ्यायला सांग

खजिनदारसाहेब, हे अप्पांना कृपया पाठवू नका. एक तर तिथे रस्ता उजवीकडे उतरतो, आपल्याकडे डावीकडे, म्हणजे सगळा हिशोब उलटा. दुसरं, अप्पांच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आहे. कंपनीकडून येते तशा अवस्थेत त्यात टायरॉडवर (चाक वळवणाऱ्या दांड्यावर) फक्त टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून आत-बाहेर किती वळली आहेत तो कोन, फिरवता येतो. कास्टर आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) मोजता येतात, पण फिरवायला बोल्टच नाही. मागे सरळ बीम, तिथेही काही नाही.

आणि टोने गाडी एका बाजूला ओढत नाही, हे मी मागेही लिहिलं होतं. चालत्या गाडीत पुढची दोन चाकं टो आपसांत अर्धा-अर्धा वाटून घेतात. टो चुकला तर स्टेअरिंग वाकडं बसतं आणि टायर झिजतो. टायरवर आडवा तळहात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो. ओढण्याची कारणं हवा, टायर, ब्रेक, दोन बाजूंच्या कॅम्बर-कास्टरमधला फरक. नव्या गाडीत हा फरक एकदम आला तर बहुधा खड्ड्यात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलेला असतो. तेव्हा आर्म बदलायचा, अलाइनमेंटने तो सरळ होत नाही.
— भाऊ

---



धाकटे, अप्पांना एवढंच विचार: गाडी सरळ चालताना स्टेअरिंगवरचा लोगो सरळ असतो का? लोगो वाकडा पण गाडी सरळ, हा वेगळा दोष. त्याला अलाइनमेंट लागतं, आणि ते करताना दोन्ही टायरॉड सारखे फिरवायला हवेत. घाईत एकच फिरवतात आणि वाकडेपणा राहतो. त्यानंतर स्कॅनर लावून स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा बसवावा लागतो. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला ते टाळून चालत नाही.
— सचिव

---

लोगो सरळ असतो म्हणतात. वळण घेतल्यावर परत सरळ होतो, पण ओढ कायम.
— धाकटी

---

मग स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकलेलं नाही. ते अडकलं की डावं वळण घेतल्यावर डावीकडे ओढते, उजवं घेतल्यावर उजवीकडे.

अप्पा ट्रायल कुठे घेतात? आपल्याकडे पाऊस जास्त, म्हणून डांबरी रस्त्याला साधारण २.५ टक्के आडवा उतार असतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये जवळजवळ नऊ सेंटिमीटर! हात सैल सोडले की कुठलीही चांगली गाडी हळूहळू डावीकडे सरकेल. चौपदरी महामार्गावर तर जाताना-येताना दोन्ही वेळा डावीकडेच. सरळ, दूरवर दिसणारा रिकामा दुपदरी रस्ता बघून पहाटे एकदा मधोमध चालवायची, तिथून उतार दोन्हीकडे सारखा असतो. तिथेही ओढली तरच दोष.
— भाऊ

---

पवनचक्कीच्या सड्यावर दुपारी ट्रायल नको. समुद्राचा वारा गाडीला बाजूला ढकलतो. जाताना एकीकडे आणि येताना दुसरीकडे ओढत असेल तर तो वाराच.
— खजिनदार

---

हे बरोबर.

ब्रेकचंही बघा, ते कसं तपासायचं कुणी लिहिलं नाही. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवून थांबा, पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. डावं जास्त तापलेलं असेल तर बहुधा कॅलिपरची (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकतेय. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतं, नवी असली तरी.
— सचिव

---

जॉब कार्डसाठी, असंच्या असं लिहून दे:

"सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला, ब्रेक न लावता, हात सैल सोडल्यावर गाडी डावीकडे ओढते. टायर थंड असताना हवा स्टिकरप्रमाणे केली आहे. प्रथम पुढची दोन चाकं आपसांत बदलून ग्राहकासोबत ट्रायल घ्यावी. त्यानंतरच अलाइनमेंट मोजावं. काहीही फिरवण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही प्रिंट द्यावीत."

चाकं बदलल्यावर ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली तर दोष टायरचा, टायर वॉरंटीत मागायचा. तशीच डावीकडे राहिली तर पहिल्या प्रिंटवर डावा-उजवा कॅम्बर आणि कास्टर बघ. दोन्हींत अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र चाकं अशी बदलता येत नाहीत. आधीचं प्रिंट न घेता टो फिरवला तर पुरावाच जातो, एवढं अप्पांना दोनदा सांग.
— भाऊ

---

पाठवलं. उद्या सकाळी हवा बघतील. स्टेपनीतही तेवढीच ना?
— धाकटी

---

स्टेपनी चारही चाकांसारखी असेल तर तेवढीच. बारीक, तात्पुरती असेल तर ६० पीएसआय, तिच्यावरच छापलेलं असतं. आणि अदलाबदलीत ती घेऊ देऊ नका.
— भाऊ