मदत हवी आहे: ताईंच्या आठवणीसाठी सुरंगीचं कलम

नमस्कार मंडळी. झाडांच्या वेडापायी फोनवरच ओळख झालेल्या डिचोलीच्या आमच्या ताई गेल्या महिन्यात वारल्या. प्रत्यक्ष भेट एकदाच, फोंड्याच्या कदंब बस स्थानकावर. ओल्या फडक्यात गुंडाळलेली अबोलीची रोपं माझ्या हातात दिली आणि परतीच्या बसला धावल्या. माझी आई आजारी होती तेव्हा रोज रात्री त्यांचा आवाज यायचा, "जेवलीस गो?" झाडांचं सगळं नंतर.

त्यांना सुरंगी फार प्रिय. आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या आवारात त्यांच्या आठवणीत एक लावायची आहे. देवस्थान समितीने होकार दिलाय. बियांपासून केलेल्या झाडाला फुलं यायला फार वर्षं लागतात, हे ताईंनीच सांगितलेलं. म्हणून कलमच हवं. गोव्यात खात्रीचं कुठे मिळेल? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विचारू का? जमीन जांभ्याची आहे, खड्डा केवढा घ्यावा?

आणखी एक. त्यांचे दोनशेच्या वर आवाजी संदेश माझ्या व्हॉट्सॲपवर आहेत आणि फोन आता बदलावाच लागणार. ते वेगळे काढून कसे ठेवायचे, कुणी नीट समजावून सांगेल का? त्यातला एकही जायला नको.