मुंबई मॅरेथॉनच्या हाफमध्ये जागा कशी मिळवायची? कोल्हापुरातून पहिल्यांदाच

सकाळची_चक्कर
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, वय ४३, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर आली म्हणून रंकाळ्याला चालायला जायला लागले, चालता चालता कधी पळायला लागले ते कळलंच नाही, आता आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचला घराबाहेर असते आणि गेल्या थंडीत इथलीच एक १० किलोमीटर ६८ मिनिटांत पूर्ण केली. दर जानेवारीत टीव्हीवर मुंबई मॅरेथॉन बघते, सी-लिंकवरून एवढी माणसं पळताना दिसली की अंगावर काटा येतो. मला एकदा तरी तिथून पळायचंय. हाफ, म्हणजे २१ किलोमीटर.
मागच्या डिसेंबरात साईट उघडली तर सगळं बंद झालेलं, फार वाईट वाटलं. फॉर्म नक्की कधी निघतात? लॉटरी असते का? कुणी म्हणतं संस्थेला पैसे दिले की जागा मिळते, ते खरं का? आणि आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतोय की माझा बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) आहे, मला जमणार नाही, ताई तुम्ही पळा. घेतला तर चालतो का? कृपया सविस्तर सांगा, घरात विचारायला कुणी नाही.

घाटवाट
ताई आधी अभिनंदन, ६८ मिनिटं पहिल्याच १०केला म्हणजे चांगलंच आहे.
डिसेंबरात बघितलंत तिथंच चुकलं. रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते पण फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये निघतात, फुल, हाफ, १०के प्रत्येकाची तारीख वेगळी असते आणि हाफ लवकर भरते. म्हणून जुलैपासूनच साईटवर लक्ष ठेवा, फोनमध्ये तारीख टाकून ठेवा, आधारचा फोटो, आधीच्या रेसच्या सर्टिफिकेटची पीडीएफ आणि कार्ड सगळं आदल्या रात्री एका फोल्डरमध्ये तयार पाहिजे.
लॉटरी लंडन मॅरेथॉनला असते. तिथं २०२६ साठी ११ लाखांच्या वर अर्ज आले होते, त्यात नशीब लागतं. मुंबईचं तसं नाही, इथं तुमचा आधीचा टायमिंग विचारतात, म्हणजे हाफसाठी १० किलोमीटर किंवा जास्त अंतराच्या टाइम्ड रेसचं सर्टिफिकेट लागतं आणि तेही त्यांनी दिलेल्या तारखांच्या आतलं. शिवाय बायकांसाठी काही जागा राखीव ठेवतात, त्यामुळे तुम्हाला संधी चांगली आहे. त्या वर्षीचे नियम मात्र साईटवर स्वतः वाचा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.
आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमची ती १०के चिप टाइम्ड होती का ते बघा. बिबच्या मागं पातळ पट्टी चिकटवलेली असते ती चिप, स्टार्टला आणि फिनिशला जमिनीवर मॅट असतात, त्यावरून गेलं की बीप वाजतो आणि तुमची वेळ नोंदली जाते. माझं वर्ष ह्याच्यातच गेलं. जवळच्याच एका गावातली १०के पळालो, ५४ मिनिटं, आयुष्यातली सगळ्यात भारी रेस, सर्टिफिकेट पण मिळालं छान जाड कागदाचं, पण वेळेच्या जागी पेनानं लिहिलेलं. चिप नव्हती, ऑनलाइन रिझल्ट नव्हता. अपलोड केलं, रिजेक्ट आलं आणि दुसरं सर्टिफिकेट मिळवेपर्यंत हाफ भरली होती. तेव्हापासून मी कुठल्याही रेसचे पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, टायमिंग चिपचं आहे का आणि रिझल्ट नेटवर टाकणार का.

दादरची_कोल्हापूरकर
माहेर मंगळवार पेठ, आता बारा वर्षं दादरला. संस्थेचं खरं आहे ताई, पण पैसे देऊन जागा विकत घेतली असं त्याला म्हणू नका. मुंबई मॅरेथॉनच्या देणग्यांचं सगळं काम युनायटेड वे मुंबई बघतं, त्यांच्याकडे नोंदलेल्या बऱ्याच संस्था असतात आणि त्या संस्थांकडे थोडे बिब असतात. तुम्ही संस्था निवडायची, तिच्यासाठी निधी जमवायचा, त्याबदल्यात बिब. मी तसंच पळाले. मुलींच्या शिक्षणाचं काम करणारी संस्था घेतली, शाळेच्या जुन्या मैत्रिणींना एकेकीला फोन केला, कुणी पाचशे, कुणी दोन हजार, आमच्या भाजीवाल्या मावशींनी शंभरची नोट हातात कोंबली आणि म्हणाल्या पोरी शिकल्या पाहिजेत. रक्कम किती जमवायची ते संस्थेला थेट विचारा, आणि हे पण ऑगस्ट-सप्टेंबरातच करा, नोव्हेंबरात त्यांच्याकडचे पण संपतात.
जागा मिळाली की लगेच गाडीचं बघा. बिब टपालानं येत नाही आणि रेसच्या दिवशी तर मिळतच नाही, आधीचे दिवस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एक्स्पो, म्हणजे बिब वाटपाचं प्रदर्शन असतं, तिथं स्वतः ओळखपत्र घेऊन जावं लागतं. म्हणजे शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, शनिवारी सकाळी दादर नाहीतर सीएसएमटी. शनिवारी रात्रीची धरलीत तर रविवारी गाडी पोचेपर्यंत तुमची रेस सुरू होऊन गेलेली असते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठलाच काढा. आता मेट्रो ३ झाल्यामुळे सीएसएमटीहून बीकेसीला थेट जाता येतं, आधी फार हाल व्हायचे.
आणि एक, फुल सीएसएमटीला सुरू होते पण हाफ माहीमला. दोन्ही संपतात सीएसएमटीजवळ. म्हणून मुक्काम दादर माहीमकडे बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये कोल्हापूरचे एक काका फोर्टात लॉज घेऊन राहिले होते, पहाटे साडेतीनला टॅक्सीसाठी रस्त्यावर उभे. त्या पहाटे जादा लोकल सोडतात म्हणा, पण झोप मोडायची कशाला.

कळंबा_लूप
बिबबद्दल मी लिहितो कारण ते कुणी लिहिलं नाही.
ताई तो बिब घेऊ नका. नियमात बसत नाही हे आहेच, एक्स्पोला ज्याचं नाव त्याचंच ओळखपत्र लागतं आणि पकडलं तर दोघांनाही पुढं बंदी येऊ शकते. पण मी वेगळ्या कारणानं सांगतोय. मी नर्सिंग केलंय, एका मोठ्या शहरातल्या रेसला मेडिकल तंबूत ड्युटीला होतो. फिनिशच्या थोडं आधी एकजण कोसळला, आणला तेव्हा बोलत नव्हता, घामानं चिंब. बिब उलटा केला, मागं नाव, रक्तगट, घरचा नंबर लिहिलेला असतो. नंबर लावला. पलीकडं एक बाई म्हणाली, अहो ते तर इथं घरात चहा पितायत. रक्तगट दुसऱ्याचा, औषधं कुठली चालू आहेत माहीत नाही, शुगर आहे का माहीत नाही, सगळं पहिल्यापासून तपासावं लागलं. त्याची बायको दोनशे मीटरवर फिनिशजवळ फोन हातात धरून उभी होती, तिला कळायला पाऊण तास लागला. माणूस वाचला. पण ती धावत तंबूत आली तेव्हाचा तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही.
तुम्हाला तर शुगरची हिस्ट्री आहे. तुमच्या नावाचाच बिब पाहिजे, आणि मागची माहिती पेननं नीट भरायची, बरेचजण कोरीच ठेवतात.

सकाळची_चक्कर
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कळंबा_लूप दादा, त्या ग्रुपवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं.
सर्टिफिकेट काढून बघितलं, चिप टाइम आणि गन टाइम दोन्ही छापलेत, मग ते चालेल ना? दोन्हीत दोन मिनिटांचा फरक आहे, तो कशाचा? एक घोळ मात्र आहे. फॉर्म मुलानं भरला होता, त्यानं माझं माहेरचं आडनाव टाकलंय कारण माझा जुना ईमेल त्या नावाचा आहे, आणि आधारवर सासरचं.

घाटवाट
ताई चिप आहे म्हटल्यावर अर्धं काम झालं. गन टाइम म्हणजे बंदूक वाजल्यापासूनचा, चिप टाइम तुम्ही मॅट ओलांडल्यापासूनचा, गर्दीत मागं उभ्या होता म्हणून दोन मिनिटं.
नावासाठी त्या रेसवाल्यांना आजच मेल टाका, बिब नंबर आणि आधारची कॉपी जोडा, दुरुस्त सर्टिफिकेट देतात बहुतेक, पण ऑगस्टात मागितलं तर वेळेत येणार नाही. नाहीच दिलं तर पावसाळ्याआधी आणखी एक चिपवाली १०के पळून टाका, ह्यावेळी फॉर्म स्वतः भरा, आधारवर आहे अगदी तसंच नाव.
१०केची वेळ दुप्पट करून दहा-पंधरा मिनिटं वाढवली की हाफचा अंदाज येतो, म्हणजे तुमचा अडीच तासांच्या आसपास. फक्त मुंबईत जानेवारीतही दमट असतं, आपल्या इथल्या गार हवेतला वेग तिथं टिकत नाही आणि पेडर रोडचा चढ पाय दमल्यावर येतो. रंकाळा सपाट आहे. आम्ही सात-आठजण दर रविवारी साडेपाचला युनिव्हर्सिटीत पुतळ्याजवळ जमतो, त्यात तीन वहिनी पण आहेत, आत चढ-उतार चांगले मिळतात. या रविवारी या, पाण्याची बाटली आणा.

सकाळची_चक्कर
मेल टाकला. रविवारी येते.