अरेनीची सहा हजार वर्षं: वारसा की दुकानाची पाटी?

रानवाटा
गेल्या ऑक्टोबरात आर्मेनियाला जाऊन आलो. येरेवानहून गाडीने दोनेक तासांवर अरेनी गाव, आणि गावाजवळच्या कड्यात ती प्रसिद्ध गुहा. आत द्राक्षं तुडवायची मातीची जागा आहे, जुन्या घरातल्या मोरीएवढी, एका बाजूला उतार दिलेली. रस ओघळून खाली पुरलेल्या रांजणात पडायचा. काळ इ.स.पू. ४१००च्या आसपास. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

पण पुढचे दोन दिवस जिथे जाऊ तिथे एकच पालुपद: '६,१०० वर्षांची परंपरा'. एका ठिकाणी वाइन चाखवणाऱ्या मुलाने तर 'जगातली पहिली वाइन आमचीच' असं ठणकावलं. त्याच्या मागे स्टीलच्या चकचकीत टाक्या! सोव्हिएत काळात वाइन जॉर्जियाने करायची आणि आर्मेनियाने ब्रँडी, अशी वाटणी झाली. द्राक्षं भट्टीला जायला लागली. मधली साखळी तुटली असताना गुहेच्या नावावर बाटली खपवणं मला पटत नाही. मंडळींना काय वाटतं?

निफाडची_बागाईतदार
साफ असहमत. तुम्ही टाक्या बघितल्या, वेली बघितल्या का? अरेनी हे गावाचं नाव तसंच द्राक्षाचंही. काळं, जाड सालीचं, हजार मीटरच्या वरच्या थंडीत पिकणारं. त्या भागात मुळं खाणारा फिलॉक्सेरा नावाचा किडा फारसा पोचलाच नाही, त्यामुळे कित्येक वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आम्ही इथे डॉगरिज जातीच्या वेलीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचं धाडस करत नाही, म्हणून याची किंमत कळते. त्या वेली राखायच्या तर कुणीतरी द्राक्षाला भाव द्यायला हवा. तो भाव पर्यटक देतोय. आता पाटी थोडी मोठी लावली तर लावू देत की.

कुरा_काठचा
त्या मुलाचं मात्र चुकलंच. जॉर्जियात सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवर इ.स.पू. ६०००च्या सुमाराच्या वाइनचे अंश मिळाले, ते संशोधन २०१७ साली छापून आलं. अरेनीचा मान वेगळा: तुडवायची जागा, रांजण, बिया, साली, वाळलेल्या वेली असा अख्खा कारखाना जागच्या जागी सापडला. इतका जुना दुसरा माहीत नाही. 'पहिली वाइन' आणि 'पहिला कारखाना' यात दोन हजार वर्षांचा फरक आहे राव!

सडाफटिंग
परंपरा बघायची होती तर हायवेच्या कडेला थांबायचं. बायका टपऱ्यांवर घरची वाइन विकतात, तीही कोकाकोलाच्या बाटल्यांत. इराणी ट्रकवाल्यांना सीमेपलीकडे दारू नेता येत नाही, कोक नेता येतो :)

निफाडची_बागाईतदार
हो, आणि ती उन्हात तापलेली वाइन पिऊन पोट बिघडलं की पुन्हा 'कसली परंपरा' म्हणून धागा काढायला मोकळे.

येरेवानातला_पोऱ्या
मी इथे मेडिकलला आहे, पाचवं वर्ष. रानवाटादादा, साखळी दुकानात तुटली असेल, घरात नाही. ऑगस्टच्या मध्यावर चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात. आमची घरमालकीण त्याआधी द्राक्षाचा मणी तोंडात घालत नाही. बाजारात मिळत असली तरी नाही. तिच्या तळघरात आजेसासऱ्यांचा 'करास' आहे, म्हणजे वाइनचा रांजण, माझ्या छातीइतका उंच. सध्या त्यात काही नाही, पण विकायचं नाव काढलं की बाई भडकते.

रानवाटा
रिकामाच आहे ना? माझा मुद्दा तोच. रिंद गावच्या झोराह वायनरीवाल्यांनी २०१०च्या आपल्या पहिल्या वाइनसाठी असेच जुने रांजण वापरले. एवढे मोठे घडवणारे कुंभारच राहिले नव्हते. कुंभार संपला आणि आपण सलग परंपरा म्हणायचं?

येरेवानातला_पोऱ्या
पण त्यानंतर जुन्या रांजणांना मागणी आली ना? ती गुहेमुळे आणि तुमच्यासारख्या येणाऱ्यांमुळेच. अरेनीचा वाइन महोत्सवही २००९पासूनचा. तोवर परदेशात आर्मेनिया म्हटलं की लोकांना फक्त ब्रँडी आठवायची.

कुरा_काठचा
शेजारी जॉर्जियाची क्वेव्रीची, म्हणजे रांजणात वाइन करायची पद्धत २०१३मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात, आर्मेनियात बऱ्याचदा अर्धाच किंवा नुसता जमिनीवर. पर्यटकांना हे सांगायला हवं, नुसता आकडा नको. एवढ्यापुरता मी रानवाटांच्या बाजूचा.

निफाडची_बागाईतदार
आमच्या नाशिक-नारायणगावच्या वाइनला चाळीसेक वर्षांचाच इतिहास, तरी गंगापूर धरणावरचा सूर्यास्त बघायला मुंबईहून गर्दी होतेच. जुनेपणाशिवायही माणसं येतात. मग ज्यांच्याकडे खरंच जुनं आहे त्यांनी ते लपवायचं कशाला?

रानवाटा
लपवा कोण म्हणतंय? वेलींचा मुद्दा मान्य, तो मी पाहिलाच नव्हता. 'सलग' हा शब्द मात्र मला अजूनही खटकतो.

सडाफटिंग
ते असो. त्याच गुहेतलं साडेपाच हजार वर्षांचं कातडी पायताण पाहिलंत की नाही? एकाच पायाचं, उजव्या, आत गवत कोंबलेलं.

रानवाटा
ते गुहेत नसतं हो, येरेवानच्या इतिहास संग्रहालयात आहे. आम्ही गेलो तो सोमवार होता. बंद!