मदत हवी आहे: युद्धाच्या आघातातून जाणाऱ्या माजी सैनिकांसाठी सोलापूरजवळ पक्षीनिरीक्षण कसं सुरू करावं?

उत्तर_सोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांतल्या नऊ माजी सैनिकांसाठी या हिवाळ्यात निसर्गभेटी सुरू करायच्या आहेत. वयं ४२ ते ६५. चौघांना पीटीएसडीचं (आघातानंतर मनावर राहणाऱ्या ताणाच्या आजाराचं) निदान झालंय, औषधं चालू आहेत. बाकीच्यांची झोप उडालेली, जरा आवाज झाला की दचकतात, लग्नकार्यालाही जात नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

बेत असा आहे: रविवारी पहाटे साडेपाचला मिनीबसने सगळ्यांना नान्नजच्या माळढोक अभयारण्यात न्यायचं, माळढोक दाखवायचा आणि दुपारी जेवून परत. यात काय बदलावं? दुर्बिणी कोणत्या घ्याव्यात? आणि तिथेच कुणाला त्रास सुरू झाला तर काय करायचं?

गवताळ

मनापासून सांगतो, हे काम व्हायलाच हवं. पण मिनीबस, पहाट आणि माळढोक, तिन्ही बदला.

मिनीबसमध्ये परत निघणं दुसऱ्याच्या हातात जातं. गर्दीत कोंडल्यासारखं होणाऱ्या माणसाला 'मनात आलं की मी निघू शकतो' एवढं माहीत असलं, की बहुतेक वेळा त्याला निघावंच लागत नाही. दोन-तीन छोट्या गाड्या घ्या. त्या रस्त्याकडे तोंड करून लावा आणि चालकाला गाडीपाशीच थांबवा. नऊ जण एकदम नकोत, चार-पाच पुरेत. सोबत दोघं हवेत: एक पक्षी दाखवणारा, दुसरा माणसांकडे लक्ष ठेवणारा. दुसऱ्याने दुर्बिणीला हातही लावायचा नाही. हा नियम हमखास मोडतो, कारण चक्रवाक बदकं उतरली की सगळ्यांच्याच माना तिकडे वळतात.

माळढोक आता इतका दुर्मीळ आहे की तो दिसेल असं कुणालाच सांगता येत नाही. तोच दाखवायला म्हणून नेलंत आणि तो दिसला नाही, तर सकाळभर काळवीट आणि भोवत्या (माळावरचा शिकारी पक्षी) बघूनही 'काहीच मिळालं नाही' असं म्हणत लोक परततील. सुरुवात तुळजापूर रस्त्याच्या हिप्परगा तलावापासून करा. पाणपक्षी मोठे असतात, एका जागी बसतात, नवख्याला ओळखू येतात: वारकरी, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, चमचा, टिबुकली. ऊन चढेपर्यंत ते पाण्यावर दिसतात, त्यामुळे आठला पोचलात तरी चालतं. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर बसा. सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. समोरून ऊन आलं तर सगळे पक्षी काळेच वाटतात आणि नवखा माणूस कंटाळतो.

बसायची जागा आदल्या दिवशी जाऊन ठरवा. पाठीशी झाड, भिंत किंवा बांध हवा, आणि येणारी वाट बसल्या जागेवरून दिसायला हवी. पाठ उघडी असली की हे लोक तलावाकडे बघतच नाहीत, सारखं मागे वळून बघत राहतात.

आता आवाज, कारण घोळ नेमका इथेच होतो. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्याला आली की राखणीसाठी शेतात फटाके वाजतात, कार्बाईडच्या पाईपबंदुका उडवतात. तो आवाज थेट गोळीबारासारखा येतो. आदल्या दिवशी आसपासच्या शेतकऱ्यांना भेटा, दोन तास थांबायची विनंती करा. बहुतेक जण ऐकतात. जवळपास दगडखाण असेल तर सुरुंगाची वेळ विचारून ठेवा. संक्रांतीच्या गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या यात्रेत) शोभेचं दारूकाम असतं, त्या दिवसांत सिद्धेश्वर तलाव टाळा. होटगी रस्त्याला विमानतळ आहे, तिकडे जायचं तर विमानाची वेळ बघून जा. टिटवी डोक्यावर येऊन एकदम किंचाळते, हेही आधीच सांगून ठेवा. माहीत असलेला आवाज कमी दचकवतो.

नान्नज तिसऱ्या-चौथ्या भेटीला ठेवा, वनखात्याची परवानगी आधी काढून. उघडं माळरान काहींना मोकळं वाटतं, काहींना आडोसा नाही म्हणून नकोसं होतं. लपणातल्या (पक्षी बघायला केलेल्या आडोशातल्या) अरुंद फटीतून बघताना एखाद्याला बंकर आठवू शकतो. आत यायचं की बाहेर थांबायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. काही जण सुरक्षारक्षकाची नोकरी करतात आणि परवान्याची बंदूक बाळगतात. ती घरीच ठेवायला स्पष्ट सांगा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही.

मन_माती

मी मानसोपचाराच्या बाजूने लिहिते.

पहाट नको, यामागे औषधंही आहेत. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहतो, म्हणून अशा माणसाला दुचाकी चालवत येऊ देऊ नका. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन चालू असेल तर रक्तदाब उतरून उठताना चक्कर येते. खाली चटईवर न बसवता घडीची खुर्ची द्या आणि सावकाश उठायला सांगा. काही औषधांनी घाम कमी येतो, आणि सोलापूरचं ऊन फेब्रुवारीपासूनच चटके देतं. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि दहाच्या आत परत. पहिल्या भेटी दीड तासाच्याच ठेवा.

तिथे त्रास सुरू झाला तर: बाकीच्यांना दुसऱ्या माणसाने पंचवीस-तीस पावलं दूर न्यावं. तुम्ही समोरून, थोडं तिरकं, दोन हात अंतरावर थांबा. मागून जायचं नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही. हळू आवाजात एवढंच: "मेजर, मी अमुक. आपण हिप्परग्याला आहोत. आज रविवार, नऊ वाजलेत." मग पाय जमिनीवर दाबायला सांगा, बाटलीतलं गार पाणी हातावर घ्यायला सांगा, दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायला सांगा. 'डोळे मिटा आणि शांत व्हा' हे चुकूनही म्हणू नका. डोळे मिटले की आतली दृश्यं अधिकच जोर धरतात. काय आठवलं ते तिथे विचारायचं नाही. घरी सोडायला माणूस द्या, दुसऱ्या दिवशी फोन करा आणि त्यांच्या संमतीने डॉक्टरांना कळवा.

जीव देण्याची भाषा आली तर एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. सैनिकांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात) १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. धोका समोर दिसत असेल तर थेट १०८.

आणि कृपा करून याला उपचार म्हणू नका. आघातावर काम करणारी समुपदेशन-पद्धत, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून आघातावर करायचा मानसोपचार), औषधं यांच्या जोडीला हे आहे. पक्षी बघून बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे भेटतात. पहिल्याच भेटीत त्याबद्दल बोला.

हिप्परगा_काठ

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्या. १०× मध्ये हाताची थरथर जास्त जाणवते, आणि काही औषधांनी हात थरथरतातच. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरचा पट्टा लावा, किंवा कोपर खुर्चीच्या हातावर टेकवा. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडच्या रबरी कडा आत फिरवून ठेवायच्या. दोघांत एक दुर्बीण चालते. लष्करी छापाचे कपडे नकोत. कॅमेऱ्याची सलग खटखट बंद ठेवा, पक्ष्यांचे आवाज फोनवर वाजवू नका.

आणि यांना काम द्या, नुसतं बघायला बसवू नका. चौफेर नजर ठेवणं, अंतराचा अंदाज, वेळ लिहून नोंद, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, पंधरा मिनिटांची एक नोंद करून ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकायची. फेब्रुवारीतल्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेलाही किमान पंधराच मिनिटं लागतात.

उत्तर_सोलापूर (धागाकर्ता)

खूप आभार. बेत बदलला. उन्हाळा-पावसाळ्यात खंड पडेल, तेव्हा काय करावं? आणि आदल्या संध्याकाळी पाठवायचा निरोप असा लिहिलाय, बघाल का?

"उद्या रविवार, हिप्परगा तलाव. गाडी ७.३० ला तुमच्या घराजवळ येईल. ८ ते ९.३०. आपण पाच जण. चालणं पाव किलोमीटर. चहा-पोहे आहेत. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे."

गवताळ

खंड पडेल तेव्हा रोपं तयार करा. जून-जुलैत निंबोळ्या पडतात. गर धुऊन काढा, बी सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच लावा. दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण फार घसरते. बाभळीच्या बियांवर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवायचं. पिशवी ५×८ इंची, खाली भोकं पाडून. दोन घमेली माती, एक वाळू, एक शेणखत. खत पुरतं कुजलेलं हवं, नाहीतर हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते. बी अर्धा इंच खोल. हे काम घरच्या अंगणातही होतं, त्यामुळे बाहेर पडणं नको वाटेल त्या दिवशीही हात चालू राहतात. फक्त ही रोपं बांधावर, शाळेत, घरापुढे लावा. माळरानावर झाडं लावली तर चंडोल, धाविक, माळढोक यांना लागणारी उघडी जागा जाते.

मन_माती

निरोपातलं शेवटचं वाक्य काढा, तो हुकूम वाटतो. त्याजागी लिहा: "नाही जमलं तर कळवलं नाही तरी चालेल, पुढच्या रविवारी गाडी परत येईल." आणि पुढच्या रविवारी गाडी खरोखर पाठवा, ते आले नसले तरी.